धोंडू, दगडू आणि पोस्टरवरचं बाळ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या मराठी शाळेचा शंभर वर्षांपूर्वीचा पट हाती आला, तर त्यातली नावं सावकाश वाचावीत. धोंडू, दगडू, भिकू, केरू. आज ती खेडवळ वाटतात. ज्यांनी ठेवली त्यांचा हेतूही तोच होता, की कोणाची नजर त्यांच्यावर ठरू नये. आधीची दोन-तीन मुलं हाताला लागली नाहीत, की पुढच्याला असं नाव मिळे. दगड कोण उचलून नेणार? केराकडे कोण वळून बघणार? काही घरांत तर नुकतंच जन्मलेलं मूल सुपात घालून केरावर ठेवत. शेजारणीने ते उचलायचं आणि आईने मूठभर तांदूळ देऊन तिच्याकडून परत घ्यायचं. भिकेत मिळालेला, म्हणून भिकू. प्रत्येक धोंडूमागे हेच असेल असं नाही. आजोबांचं नाव नातवाला द्यायची आपली रीत आहे, त्यामुळे नाव चालू राहतं आणि कारण विस्मरणात जातं. तरीही एका इयत्तेत चार-पाच दगडू-धोंडू दिसले, तर त्या गावात किती पाळणे रिकामे झाले असतील याचा अंदाज बांधता येतो.

बालमृत्यूची या मुलखातली सर्वांत जुनी पाटी म्हणजे ही नावं, असं मी मानतो. ती मृत्यूला उद्देशून लावलेली होती: इथे मोलाचं काही नाही, पुढचं घर बघ. सेवाभावी संस्थांच्या आजच्या जाहिराती याच्या बरोबर उलट्या वाटेने जातात. मोठे डोळे, बारीक हातपाय, खाली संस्थेचा खाते क्रमांक. हे मूल मोलाचं आहे, इकडे बघा, असं त्या सांगतात. भीती दोन्हीकडे एकच, पण एक पाटी मूल लपवते आणि दुसरी दाखवते. दाखवल्याने मुलं वाचतात का, आणि कोणाला काय दाखवल्याने वाचतात, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी लपवण्याबद्दल थोडं. बारशाच्या आत गेलेल्या मुलाला नावच नसे. त्याला जाळत नाहीत, पुरतात. घरात त्याबद्दल फार बोलत नाहीत. ‘मूल राहिलं नाही’ एवढं म्हटलं की बायकांना कळतं. कोकणात पाचवी-सहावीला बाळंतिणीच्या खोलीत पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर विझू देत नाहीत. त्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. वैद्यकाच्या पुस्तकात हेच दिवस वेगळ्या कारणाने भरतात. नाळ विळ्याने कापली, वर राख किंवा शेण लावलं, की धनुर्वाताचे जंतू आत शिरतात, आणि बाळ बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या शेवटी दूध ओढेनासं होतं, मग लाकडासारखं ताठ होतं. पूजेचा दिवस आणि मरणाचा दिवस इतके जवळ का, याचं उत्तर कोणी लिहून ठेवलेलं नाही. मला तो योगायोग वाटत नाही. गंमत अशी, की या रोगाशी लढाई जिंकली ती सटवीची निंदा न करता. गरोदरपणी धनुर्वाताचं इंजेक्शन, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळेवर काही लावायचं नाही. दाईला आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला करता येईल एवढंच त्या संदेशात होतं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात धनुर्वात हटल्याचं मान्य केलं. सटवीचा पाट अनेक घरांत अजून मांडला जातो. मांडू द्या.

आता मुंबईत जाऊ, कारण रत्नागिरीच्या बाळांची पहिली मोठी जाहीर चर्चा तिथे झाली. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त अर्भकं वर्षाच्या आत दगावल्याचं आकडे सांगत होते. खोल्यांनुसार मांडलेले आकडे त्याहून वाईट होते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजारी ८२८, चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. हजारात ८२८ म्हणजे जवळपास एकही मूल जगत नव्हतं असंच वाटतं. पण या आकड्यात एक खोच होती आणि ती आपल्या घरातली होती. गिरणगावात कामाला आलेल्यांचा मोठा हिस्सा रत्नागिरीचा. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होता. त्यांच्या बायका बाळंतपणाला गावी येत. जन्म गावच्या दप्तरी लागे, नाहीतर कुठेच लागत नसे. मग चार-सहा महिन्यांचं मूल घेऊन आई बोटीने मुंबईला परते, आणि चाळीच्या अंधाऱ्या खोलीत ते गेलं तर मृत्यू मुंबईत नोंदला जाई. भागाकारात वर मुंबईची मढी, खाली फक्त मुंबईत जन्मलेली मुलं. आकडा फुगणारच. आकडा फुगलेला होता म्हणून मुलं मरत नव्हती, असं मात्र नाही. खरा आकडाही लाजिरवाणाच होता. माहेरपणाने मोजणी बिघडते ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

त्याच सुमारास गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जात होती. ‘बाळगोळी’ हे तिचं लाडकं नाव. आई खात्यात दहा तास उभी आणि तान्हं खोलीत. त्याला झोपवणार कोण? त्यावर १९२४पासून देशभर ‘बेबी वीक’ सुरू झाला, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने. मुंबई इलाख्यात त्यासाठी स्वतंत्र मंडळ उभं राहिलं. प्रदर्शनं, मॅजिक लँटर्नच्या काचा, भिंतीवरची चित्रं, आणि गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा. सेवाभावी प्रचाराची आपल्याकडची ही पहिली मोठी लाट. हेतू चांगला होता, पण बघणारी आई त्या चित्रांतून एकच निष्कर्ष काढू शकत होती, की चूक तिची आहे. अफू देऊ नका, खोली हवेशीर ठेवा, बाळाला वेळेवर पाजा. हवेशीर कोणती खोली? दहा बाय बाराची, जिच्यात दोन बिऱ्हाडं आहेत, ती?

याच काळात एका रत्नागिरीच्या घराने चार मुलं गमावली. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव, आणि दापोलीजवळचं वणंद हे रमाबाईंचं माहेर. त्यांच्या पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू गेली. शेवटचा राजरत्न, तो जुलै १९२६मध्ये गेला. बरोबर दोन वर्षांनी, जुलै १९२८मध्ये, मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलायला उभे राहिले. बाळंतिणीला काही आठवडे काम न करता पैसे मिळावेत, आणि मालकानेही त्याचा भार उचलावा, ही मागणी. १९२९ साली तो कायदा झाला, भारतातला अशा तऱ्हेचा पहिला. घरातल्या दुःखामुळेच ते बोलले असं मी म्हणणार नाही, ते माझ्या हाती नाही. पण अफूच्या गोळीचं उत्तर भिंतीवरच्या चित्रात नाही, पगारी रजेत आहे, हे त्या कायद्याला कळलं होतं आणि बेबी वीकला कळलं नव्हतं.

चित्र दाखवून पैसे गोळा करण्याची कला मात्र विलायतेत तेव्हाच आकाराला आली होती. पहिलं महायुद्ध संपलं तरी ब्रिटनने पराभूत देशांची नाकेबंदी उठवली नव्हती आणि ऑस्ट्रियातली मुलं उपाशी मरत होती. १९१९च्या वसंतात एग्लंटाइन जेब ही बाई लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एक पत्रक वाटत उभी राहिली. त्यावर उपासमारीने खंगलेल्या मुलाचा फोटो होता, मोठं डोकं आणि काटकुळे पाय. परवानगीविना पत्रक वाटल्याबद्दल तिला अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. ज्या सरकारी वकिलाने तिच्याविरुद्ध खटला चालवला, त्यानेच खटल्यानंतर पाच पौंड तिच्या हातावर ठेवले. त्याच वर्षी मे महिन्यात ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था जन्मली. शत्रूच्या मुलासाठी वकिलाचा खिसा सैल करणारा तो फोटो म्हणजे आजच्या सगळ्या जाहिरातींची आजी.

नातवंडांनी आजीचं नाव राखलं असं म्हणवत नाही. पुढच्या साठ वर्षांत तोच फोटो देश बदलून पुन्हा पुन्हा छापला गेला: बियाफ्रा, बांगलादेश, इथिओपिया. डोळ्यांवर माशा, आई चौकटीबाहेर. १९८१ साली डेन्मार्कच्या यॉर्गन लिसनर या मदतकार्यातल्याच माणसाने लिहिलं, की ही छायाचित्रं अश्लील चित्रांच्या जातीची आहेत. माणसाचं सर्वांत खाजगी दुःख उघडं करून ती विकतात. १९८९मध्ये युरोपातल्या संस्थांनी अशा चित्रांसाठी आचारसंहिताही केली. फरक पडला, पण थोडा, आणि त्यामागचं कारण मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना पाच डॉलर देऊन विचारलं, यातले किती दान कराल? एका गटाला आफ्रिकेतल्या लाखो उपाशी माणसांची आकडेवारी दाखवली, दुसऱ्याला रोकिया नावाच्या मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं. आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी सव्वा डॉलरहूनही कमी दिले, रोकियाच्या गटाने त्याच्या दुप्पट. तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडेवारी दोन्ही दिली, तर दान पुन्हा घसरलं. एका मुलीसाठी हात खिशाकडे जातो आणि लाखांचा आकडा ऐकला की माघारी फिरतो. जाहिरातवाले हे प्रयोगाआधीच ओळखून होते.

म्हणून आज आपल्या मोबाइलवर काचेच्या पेटीतलं, नाकात नळ्या घातलेलं बाळ येतं आणि खाली किती लाख हवेत ते लिहिलेलं असतं. मी पैसे देत नाही असं नाही, कधी देतोही. पण त्या जाहिरातीत अडकलेलं बाळ मला दोन प्रश्न विचारू देत नाही. ते सातव्या महिन्यातच का जन्मलं? आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरचं, ज्याचा फोटो कोणी काढला नाही, त्याचं काय झालं?

बालमृत्यूचा आणि जाहिरातीचा आणखी एक संबंध आहे, तो वाकडा. अंगाने भरलेल्या, गोऱ्या बाळाला आपण अजून ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणतो. हा शब्द मराठीत आणला दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीने. डब्यावरच्या बाळाचे गाल पाहून आईचा स्वतःच्या दुधावरचा विश्वास उडाला, आणि विहिरीच्या पाण्यात कालवलेली पावडर बाटलीत गेली. पावडर महाग, म्हणून पातळ. बाटली धुतलेली, पण उकळलेली नाही. मग हगवण. १९७४ साली ‘वॉर ऑन वाँट’ या ब्रिटिश संस्थेने या व्यवहारावर ‘द बेबी किलर’ नावाची पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमधल्या काही तरुण कार्यकर्त्यांनी तिचं जर्मन भाषांतर करताना नेस्ले बाळांना मारते असं सरळ मथळ्यातच घातलं. कंपनीने अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९७६मध्ये बर्नच्या न्यायालयाने कार्यकर्त्यांना दोषी ठरवून प्रत्येकी तीनशे फ्रँक दंड केला आणि कंपनीला बजावलं, की आपल्या जाहिरातींचा मुळातून विचार करा. दावा कंपनीने जिंकला, पण जगाच्या लक्षात राहिला तो मथळा. १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातींसाठी संहिता मंजूर केली. अमेरिका तेवढी विरोधात.

या लढाईत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. कमी दिवसांच्या बाळांना पावडरीऐवजी दुसऱ्या आईचं दूध मिळू लागलं. १९९१मध्ये स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली ती वर्ध्यात. १९९२ साली संसदेने कायदा केला, तो १ ऑगस्ट १९९३पासून अमलात आला. बाळाच्या पावडरीची जाहिरात बंद. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र नाही. आईचं दूध सर्वोत्तम, हे वाक्य डब्यावर छापणं सक्तीचं. औषधाच्या दुकानात पुढच्या खेपेला तो डबा हातात घेऊन बघा. एका मालाने स्वतःच्या अंगावर स्वतःविरुद्ध जाहिरात वागवायची, असं उदाहरण सिगारेट सोडली तर क्वचितच सापडेल. माझ्या मते बालमृत्यूविरुद्धची आपल्या देशातली सर्वांत परिणामकारक जाहिरात म्हणजे त्या डब्यावरून नाहीसं झालेलं बाळ.

पण बोलायचं झालं तर सर्वांत मोठा आवाज उठला तो दोन शब्दांनी: कोवळी पानगळ. नव्वदच्या दशकात जव्हारमधलं वावर-वांगणी, मग मेळघाट, अशी नावं दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येत. विधिमंडळात आरडाओरड होई, मंत्री भेट देत, पाऊस संपला की सगळं शांत. बालमृत्यू हा आदिवासी भागापुरता आणि चार महिन्यांपुरता विषय आहे, अशी शहरी वाचकाची समजूत पक्की झाली. गडचिरोलीच्या ‘सर्च’चे डॉ. अभय बंग आणि राज्यभरातल्या एकूण तेरा स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. त्यांनी आपापल्या गावांत आणि शहरी झोपडपट्ट्यांत घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू मोजले. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ याच नावाने अहवाल आला. महाराष्ट्रात दर वर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, आणि सरकारी दप्तरात त्यातले फार थोडे पोचतात, असं त्यात होतं. मुलं फक्त मेळघाटात मरत नव्हती. सगळीकडे मरत होती आणि मोजली जात नव्हती.

या अहवालाच्या मुखपृष्ठावर कोणाचा फोटो होता हे आज कोणाला आठवत नाही, पण नाव सगळ्यांना आठवतं. पानगळ म्हटलं की पिकलेली पानं डोळ्यांपुढे येतात; तिला ‘कोवळी’ जोडलं की काहीतरी ऋतूविरुद्ध चाललंय हे अंगावर येतं. दान मागितलं नव्हतं, आवाहन दात्याला नव्हतंच, राज्यकर्त्याला होतं. पुढे सरकारने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २००५मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. रोकियाच्या प्रयोगात आकडे हरले होते. इथे जिंकले, कारण ते नेमके लाजायला हव्या त्या माणसांच्या टेबलावर पडले.

गडचिरोलीचं दुसरं काम मला याहून मोठं वाटतं, आणि त्याला जाहिरात म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो. एक लाकडी चौकट, तिच्यात दोन तारा, तारांवर मणी, शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वरची तार दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, खालची त्याहून मोठ्यासाठी. अक्षरओळख नसलेली बाई बाळाच्या पोटाच्या हालचालीकडे बघत दहा श्वास मोजते आणि एक मणी सरकवते. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात आला, तर न्यूमोनिया. लहानग्याचा लाल मणी साठ श्वासांवर, मोठ्याचा पन्नासांवर. ‘न्यूमोनिया’ हा शब्द आयांना सांगायची गरजच पडली नाही. धाप लागण्याला तिकडे लहाक म्हणतात, बाळ लहाकतंय म्हटलं की आजी समजते. गावातल्याच शिकवलेल्या बाया, आरोग्यदूत, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला वजन, ऊब, दूध, श्वास यांवरून तपासू लागल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला: ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. २०११पासून देशभरातल्या आशाताई जन्मानंतर घरभेटी देतात, त्या याच पायवाटेने.

ज्या गावाला जे मरण, त्या गावाला ती पाटी. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात धडधाकट बाळं पाळण्यात झोपेत मरून पडत. १९७१पासून एक सेवाभावी संस्था या मृत्यूंचा अभ्यास करत होती. बाळाला पालथं झोपवणं घातक आहे, हे न्यूझीलंडच्या संशोधनातून स्पष्ट झालं. जुलै १९९१मध्ये दूरचित्रवाणीवरच्या निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं बाळ असंच गेलं. त्या मागे लागल्या आणि वर्षअखेरीस टीव्हीवर जाहिरात झळकली. बाळाला उताणं झोपवा, बस. काही वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २००५मध्ये संशोधकांनी हिशोब मांडला, की उपलब्ध पुरावा १९७०मध्येच कोणी नीट वाचला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर बाळं वाचली असती. एका वाक्याची जाहिरात वीस वर्षं उशिरा आली, त्याची ही किंमत. पण तीच जाहिरात उचलून रत्नागिरीत लावली तर? आपल्याकडे तान्हं झोळीत, पाळण्यात किंवा आईच्या कुशीत उताणंच असतं. आयांनी पोस्टर बघून पदर सावरला असता आणि पुढे गेल्या असत्या.

मग रत्नागिरीला कोणतं वाक्य लागतं? ते शोधायला गोठ्यात जावं लागेल. गाय व्यायली, की कोकणातल्या घरात पहिल्या दिवसाचा चीक जपून काढतात. गूळ-वेलची घालून वाफेवर खरवस होतो, वड्या पाडून शेजारीपाजारी जातात. पहिल्या दिवसाचा चीक सर्वांत घट्ट, त्याची वडी सर्वांत चवदार, हे पोराटोरांना ठाऊक असतं. वासराला पहिला चीक पोटभर पाजल्याशिवाय भांडं लावायचं नाही, हेही. त्याच घरात लेक बाळंत होऊन आली, की आई म्हणते, ‘पिवळा दूध ता, पिळून टाक गो. बाधात बाळाक.’ आणि बाळाच्या जिभेवर मधाचं बोट. गाईच्या चिकाला मान आणि लेकीच्या चिकाला मोरी, हे मला कधी समजलेलं नाही. ते दूध थेंबाथेंबाने येतं, पण बाळाला रोगांशी लढायची पहिली ताकद त्यातच मिळते.

इस्पितळात बाळंतपणं झाली की हे सुटेल, असं आपण धरून चाललो होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं किती? ४१.८ टक्के. दार दवाखान्याचं, पण खाटेजवळ बसलेली आजी घरचीच. आणि आपलं पोस्टर आजीशी बोलतच नाही. ते ‘मातांनो’ म्हणून सुरू होतं. २०१६मध्ये केंद्र सरकारने स्तनपानाची मोहीम काढली आणि माधुरी दीक्षित तिचा चेहरा झाल्या, ते छानच. पण पहिलं बाळंतपण माहेरी, नवरा मुंबईला, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलीने माधुरीचं ऐकून आईला नाही म्हणायचं, अशी अपेक्षा धरणाऱ्याने कोकणातली बाळंतिणीची खोली बघितलेली नाही. पोस्टरवर खरवसाची वडी काढा, मी म्हणतो. वासराला देता ते नातवाला द्या. एवढं आजीला पुरे.

मृत्यू न दाखवताही जाहिरात होते, याचं एक उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २०१३मध्ये लाइफबॉयने एक लघुपट काढला. मध्य प्रदेशातल्या थेसगोरा गावात एक बाप हातांवर उलटा चालत, शेतातून, पाण्यातून, देवळापर्यंत जातो. गाव मागे वाजतगाजत. त्याचं मूल पाच वर्षांचं झालं, हा नवस. साबण विकायचाच होता, ते लपवलेलंही नव्हतं. तरी त्यातला बाप आपल्या दगडू-धोंडूच्या बापाचा सख्खा भाऊ आहे.

आकड्यांत बघितलं तर आपण खूप पुढे आलो. १९७१मध्ये महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १०५ अर्भकं दगावत, २०२०च्या नमुना नोंदणीत १६. पण उरलेल्या मृत्यूंची जात बदलली आहे. देशाचा त्या वर्षीचा दर २८, त्यातली २० बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेलेली. कमी दिवसांची, कमी वजनाची. त्यांच्यासाठीची जाहिरात बाळंतिणीपाशी सुरू करून उशीर होतो. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी २०१९पासून जिल्ह्यातल्या दीड हजारांवर किशोरवयीन मुलींचा अभ्यास हाती घेतला आहे. सोळा-अठरा वर्षांची मुलगी काय खाते, किती भरते, यावर तिचं पुढचं मूल अडीच किलोच्या वर जाणार की खाली, हे बरंचसं ठरतं. अशा मुलीच्या ताटाची जाहिरात करून कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही, आणि त्यामुळे ती कोणी करतही नाही.

तोवर हातात असलेलं एक काम. शंभर वर्षांपूर्वी माहेरपणाने मुंबईचा आकडा बिघडवला होता, आज तेच माहेरपण घरभेट चुकवतं. लेकीचं नाव सासरच्या आशाताईच्या वहीत असतं आणि लेक असते इथे. तेव्हा मुलगी बाळंतपणाला आली, की त्याच आठवड्यात आपल्या गावच्या आशाताईला निरोप धाडा. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी येऊन बाळाचं वजन, ताप आणि श्वास बघायचा असतो. दिवस मोजा, आणि ती आली नाही तर बोलावून आणा.